‘नो कमेंट’ ऐकताच आपण निकाल देऊन मोकळे का होतो?

मुक्काम_बेडफर्डशायर:

नमस्कार. ‘चॅनल फोर’ वाहिनीवर २०१४ पासून चालू असलेली ‘ट्वेंटी-फोर अवर्स इन पोलीस कस्टडी’ ही माहितीपट-मालिका इथल्या काही जणांनी पाहिली असेल. तिचे बरेचसे चित्रीकरण ल्यूटनच्या पोलीस ठाण्यात झालेले आहे आणि आम्ही तिथून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो, त्यामुळे आमच्या घरी ती जरा जास्तच आपुलकीने पाहिली जाते. यंदा सासूबाई सांगोल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना इंग्रजी बेताचेच समजते, पण गुन्ह्याच्या गोष्टीला भाषा लागत नाही असे त्यांचे मत आहे, आणि उरलीसुरली भाषा मी पुरवते.

गेल्या आठवड्यात पाहिलेल्या भागात एका तरुणाला पकडून आणले होते. (भाग कोणता, ते मुद्दाम लिहीत नाही.) कस्टडी सार्जंटच्या उंच टेबलापुढे त्याला उभे केले, ट्रॅकपँटची नाडी काढून घेतली, बूट कोठडीच्या दाराबाहेर ठेवायला लावले, कुणाला कळवायचे आहे का आणि मोफत वकील हवा आहे का हे विचारले, आणि मग चहा विचारला. ‘अगं, याला चहा काय विचारतायत?’ सासूबाई खरोखरच चकित झाल्या. पुढे चौकशीच्या खोलीत प्रश्न सुरू झाले आणि तो प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देऊ लागला. त्या रात्री कुठे होतास? नो कमेंट. हा फोन तुझा आहे का? नो कमेंट. या चित्रात दिसणारे जॅकेट कुणाचे? नो कमेंट. दहाव्या-बाराव्या वेळी सासूबाईंनी निकाल दिला, ‘काही केलं नसतं तर बोलला असता की.’ खरे सांगायचे तर तोपर्यंत मी आणि माझे यजमानही तिथेच येऊन पोहोचलो होतो. आमच्यात वाद उरला होता तो शिक्षा किती वर्षांची होईल एवढ्यापुरताच. भाग संपताना काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. त्याच्याविरुद्ध पुढील कारवाई न करण्याचा निर्णय झाला होता. ‘काय लिहिलंय?’ असे सासूबाईंनी विचारले, मी सांगितले, आणि थोडा वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, ‘मग आपण इतका वेळ काय पाहिलं?’

इंग्लंड-वेल्समधील नियम मला ढोबळमानाने ठाऊक आहेत. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यानुसार आरोप न ठेवता संशयिताला साधारणतः २४ तास ठेवता येते. गंभीर गुन्ह्यात पोलीस अधीक्षक ही मुदत ३६ तासांपर्यंत वाढवू शकतात आणि त्यापुढे, जास्तीत जास्त ९६ तासांपर्यंत, दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मौन बाळगण्याचा अधिकारही आहे. हे सारे माहीत असूनही पडद्यावरचा गप्प माणूस मला दोषी वाटतो, तो का? हा माझ्या मनाचा दोष आहे, आपण मराठी माणसांनी पोलीस-चौकशीविषयी लहानपणापासून जे वाचले त्याचा परिणाम आहे, की अशा माहितीपटांची घडणच तशी असते? अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

रामप्रहर:

आपण उगाच स्वतःला दोष देत आहात असे वाटते. मी ही मालिका पाहतो तेव्हा माझा पोलिसांविषयीचा आदर वाढतो. शिव्या खाऊनही आवाज न चढवणारे शिपाई, रात्री दोन वाजता बिस्किटे खात कागद भरणारे अधिकारी आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना पुरावा गोळा करण्याची त्यांची धडपड हे सारे खरेच आहे. मालिका जे दाखवते त्यावरून मत बनवण्यात गैर ते काय? आणि निरपराध माणसाचे बोलण्याने काय बिघडते, हा सासूबाईंचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

दुभाषी:

मी इंग्लंडमधील पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत चौदा वर्षे मराठी आणि हिंदीसाठी दुभाषी म्हणून काम करते. गोपनीयतेमुळे कोणत्याही प्रकरणाविषयी लिहिणार नाही, परंतु ‘रामप्रहर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर कार्यपद्धतीतच आहे.

चौकशी सुरू होण्यापूर्वी तपास अधिकारी संशयिताच्या वकिलाला प्रकरणाची माहिती देतात. ती किती द्यायची हे बऱ्याच अंशी पोलीसच ठरवतात. सगळे पत्ते त्या वेळी उघडे केले जात नाहीत. त्यानंतर वकील आणि अशील वेगळ्या खोलीत बसतात. समोर नेमके काय आहे हे कळत नसेल, अशील घाबरलेला किंवा नशेतून नुकताच बाहेर आलेला असेल, किंवा त्याला त्या रात्रीचे तपशील धड आठवत नसतील, तर ‘आता काही बोलू नका’ असा सल्ला वकील देतात, किंवा एक छोटे लेखी निवेदन वाचून दाखवून पुढे गप्प राहायला सांगतात. अंदाजाने दिलेली वेळ पंधरा मिनिटांनी चुकली, तर न्यायालयात तीच खोटेपणाची खूण म्हणून पुढे येते. म्हणजे ‘नो कमेंट’ हा बहुतेकदा त्या माणसाच्या स्वभावाचा किंवा मनातल्या चोराचा भाग नसतो. तो दहा मिनिटांपूर्वी मिळालेला व्यावसायिक सल्ला असतो.

आता प्रेक्षक कुठे बसलेला असतो ते पाहा. तपास अधिकाऱ्यांच्या खोलीतला सीसीटीव्हीचा तुकडा त्याने त्यांच्या खांद्यावरून पाहिलेला असतो, त्यांचा तर्क ऐकलेला असतो, ‘हा काय सांगतो ते बघू या’ असे म्हणत ते जिना उतरतात तेव्हा तोही त्यांच्याबरोबर उतरलेला असतो. याउलट वकिलाशी झालेले बोलणे कायद्यानेच गोपनीय असल्यामुळे तिथे कॅमेरा नसतो. गप्प राहण्यामागचे कारण ज्या खोलीत ठरते, नेमकी तीच खोली माहितीपटाला वर्ज्य आहे. त्यामुळे आपल्याला मौन दिसते, त्याचे कारण दिसत नाही, आणि ती रिकामी जागा आपण संशयाने भरून काढतो.

आणखी एक गोष्ट भाषेची. ‘नो कमेंट’ हे इंग्रजीत निर्विकार वाटते, कारण ते इतके घासून गुळगुळीत झालेले आहे. मराठीत ‘मला काही बोलायचे नाही’ म्हटले की तो रुसवा वाटतो, आणि ‘मी काही सांगणार नाही’ म्हटले की उर्मटपणा. मी पहिला पर्याय घेते आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणते. तरीही तेच वाक्य तीसदा उच्चारून झाल्यावर माझे मलाच संकोचल्यासारखे होते. अटकेच्या वेळी जी ताकीद द्यावी लागते, तिचे मी असे भाषांतर करते: ‘तुम्ही काहीही बोलण्यास बांधील नाही. परंतु नंतर न्यायालयात ज्या गोष्टीचा तुम्ही आधार घ्याल, ती गोष्ट आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते. तुम्ही जे काही बोलाल ते पुराव्यात दिले जाऊ शकते.’ मधले वाक्य १९९४ च्या कायद्याने आलेले आहे. त्यामुळे मौनावरून न्यायालय काही मर्यादित अनुमान काढू शकते, मात्र केवळ त्या अनुमानावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. सासूबाईंच्या निकालाला तिथे एवढीच जागा आहे.

निवृत्त_तपासी_अंमलदार:

महाराष्ट्र पोलीस दलात ३१ वर्षे काढली, त्यातील बरीच गुन्हे तपासात. ताईंनी ‘लहानपणापासून जे वाचले’ असा उल्लेख केला आहे, त्यावर लिहितो, कारण त्या वाचनाला माझ्यासारख्यांचाही हातभार लागलेला आहे.

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत किती वेळा वाचले असेल, ते आठवून पाहावे. याच घरातले दुसरे वाक्य ‘तो पोपटासारखा बोलू लागला’. ही वाक्ये आम्ही बातमीदारांना दिलेली नसतील, पण ती छापून आल्यावर कुणी खुलासाही केलेला मला आठवत नाही. वाचकाच्या मनात त्यातून दोन गोष्टी पक्क्या बसल्या: पकडलेला माणूस गुन्हेगारच असतो, आणि तो बोलत नसेल तर विचारण्यात कसर राहिली आहे. सासूबाईंना चहाचे आश्चर्य वाटले ते यामुळेच.

वस्तुस्थिती अशी की त्या कबुलीला न्यायालयात कवडीची किंमत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. उपयोग होतो तो जुन्या कलम २७ चा. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढेच बोलणे चालते. म्हणून निवेदन पंचनाम्यात ‘माझ्यासोबत चला, लपवून ठेवलेला कोयता काढून देतो’ हे वाक्य पंचांसमक्ष येते, आणि राज्यभरातले आरोपी ते जवळपास एकाच भाषेत कसे बोलतात, याचे नवल बचावाचे वकील उलटतपासणीत हमखास व्यक्त करतात. त्यांचे नवल अस्थानी नाही, इतकेच म्हणतो.

वेळेचाही फरक आहे. आपल्याकडे २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते, ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. पण त्यानंतर पोलीस कोठडी मिळू शकते, एकूण १५ दिवसांपर्यंत. ल्यूटनच्या अधिकाऱ्याला तासांचा हिशेब ठेवावा लागतो, आम्हाला दिवसांचा. पण माणूस ताब्यात आल्याची बातमी बाहेर गेली की संध्याकाळपर्यंत वरिष्ठांचा, पत्रकारांचा आणि फिर्यादीच्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असे: ‘कबूल झाला का?’ पुरावा मिळाला का, असे विचारणारा फोन मला क्वचितच आला. हे समर्थन म्हणून सांगत नाही. हातून ज्या चुका झाल्या त्या झाल्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा मेमो, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नसली तरी, वकिलाची भेट या गोष्टी बंधनकारक केल्या. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला. माझ्या सेवेच्या अखेरच्या काळात ठाण्यात कॅमेरे आले. पहिले काही दिवस आमचे लोक त्यांच्याखालून जाताना टोपी सारखी करत.

रामप्रहर:

दुभाषीताईंचा वकिलाच्या खोलीचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य करतो. पण मग कॅमेरा हाच त्यावर उपाय नाही का? सगळे चित्रित झाले की खरे-खोटे आपोआप दिसेल.

दृश्यभान:

दिसेल, पण कॅमेऱ्याचे तोंड कुणाकडे आहे त्यावर. मी माध्यमशास्त्र शिकवतो आणि या विषयावर दरवर्षी एक तास घेतो, त्यातले थोडे इथे मांडतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांनी १९८६ पासून एक साधा प्रयोग वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिला. एकच कबुलीजबाब तीन कोनांतून चित्रित करायचा: फक्त संशयित दिसेल असा, फक्त अधिकारी दिसेल असा, आणि दोघे सारखेच दिसतील असा. ज्यांनी फक्त संशयिताचा चेहरा पाहिला त्यांना कबुली जास्त स्वेच्छेची वाटली. ज्यांनी अधिकाऱ्याचा चेहरा पाहिला त्यांना तीच कबुली दबावाखाली दिलेली वाटली. शब्द तेच, आवाज तोच. न्यायाधीश आणि पोलीस अधिकारी यांच्यावरही पुढे हा प्रयोग झाला आणि तेही या परिणामातून सुटले नाहीत. न्यूझीलंडच्या पोलिसांनी हे लक्षात घेऊन दोघेही बाजूने दिसतील असे चित्रण करण्याचे धोरण स्वीकारले. चेहऱ्यावर प्रकाश पडला की आपण कारण त्या चेहऱ्यातच शोधतो. प्रश्न विचारणारा काय करत आहे हे चौकटीबाहेर राहिले की ते मनातूनही बाहेर जाते.

याच्या उलट घडलेले उदाहरण ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच आहे. जानेवारी १९८२ मध्ये बीबीसीने थेम्स व्हॅली पोलिसांवरील रॉजर ग्रेफ यांच्या मालिकेचा एक भाग दाखवला. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीला तीन पुरुष अधिकारी प्रश्न विचारत आहेत, असे ते दृश्य. ती संशयित नव्हती, तक्रारदार होती. तरी तिच्या प्रत्येक उत्तरावर अविश्वास, तिच्या पूर्वायुष्यावर आणि मानसोपचारांवर शेरे. ओळख लपवण्यासाठी कॅमेरा तिच्या मागे ठेवलेला होता, म्हणून प्रेक्षकाच्या समोर आले ते प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे. तिचे संरक्षण करण्यासाठी घेतलेल्या त्या कोनाने लक्षावधी लोकांना तिच्या खुर्चीत बसवले. देशभर संताप उसळला, संसदेत प्रश्न निघाले, थेम्स व्हॅलीत अशा तक्रारींसाठी महिला अधिकाऱ्यांचे पथक उभे राहिले आणि १९८३ मध्ये गृह खात्याने सर्व पोलीस दलांना बलात्काराच्या तक्रारी हाताळण्याविषयी सूचना पाठवल्या. या अधिकाऱ्यांनी कॅमेरा असल्याचे ठाऊक असताना तसे प्रश्न विचारले होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात नेहमी शांतता पसरते. त्यांना आपण काही वावगे करत आहोत असे वाटतच नव्हते.

अवांतर: तो जमाना फिल्मचा आणि हातातल्या कॅमेऱ्याचा होता. आता भिंतीवर बसवलेले अनेक कॅमेरे एकाच वेळी चित्रण करतात आणि कोन संकलनाच्या टेबलावर निवडला जातो. चौकशीत संशयिताचा चेहरा जवळून दाखवायचा की दोघांना एकत्र, हा निर्णय तिथे होतो.

वऱ्हाडी_वकील:

‘दृश्यभान’ यांनी १९८२-८३ चा उल्लेख केला, म्हणून आपल्या घरचे सांगतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या त्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा झालेला नाही, यावरून संमती गृहीत धरली गेली. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यांत वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर हेही होते. आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या चौकीत माणूस गप्प का राहतो, याचा अर्थ बाहेर बसलेल्यांनी लावण्यातला धोका मी नव्या कनिष्ठांना याच निकालावरून समजावतो. तिथे मौनाला संमती म्हटले गेले. सासूबाईंनी त्याला गुन्हा म्हटले. दोन्हीकडे मौन दुसऱ्याच्या सोयीने वाचले गेले आहे.

अंमलदार साहेबांनी सांगितलेले कलम २५ मुळात ब्रिटिशांचेच. १८७२ चा पुरावा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीच पुढे १८८३ मध्ये नोंदवून ठेवले आहे की, भारतातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना छळामागचे कारण सांगितले ते असे: उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे जास्त सुखाचे. हा विचार केवळ पोलिसांनाच सुचतो असे नाही. उन्हात न हिंडता निकाल मिळावा ही इच्छा सोफ्यावर बसणाऱ्यालाही असते.

आणि कॅमेऱ्यासमोर दिलेल्या कबुलीविषयी एक. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात पोलीस कोठडीतील आरोपीची दूरचित्रवाणीवर मुलाखत झाली होती. २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी घडवून आणलेल्या त्या मुलाखतीतील विधाने विचारात न घेणेच शहाणपणाचे मानले. प्रेक्षकांनी मात्र ती केव्हाच विचारात घेतलेली होती.

मुक्काम_बेडफर्डशायर:

सर्वांचे मनापासून आभार. ‘रामप्रहर’ यांनी मुद्दा मान्य केला तसा मीही एक मान्य करते: त्या तरुणाचा चेहरा धूसर केलेला होता, तरी आवाज, चाल आणि घराचे दार दिसत होते, आणि ‘हा अमुक भागातला असणार’ असे आमचे यजमान म्हणाले तेव्हा मीही उत्साहाने नकाशा उघडला. भागाचे नाव न लिहिण्याचे कारण हेच.

‘दुभाषी’ यांनी केलेले ताकिदीचे भाषांतर काल सासूबाईंना वाचून दाखवले. ‘तुम्ही काहीही बोलण्यास बांधील नाही’ एवढे वाचल्यावर त्या म्हणाल्या, ‘झालं की मग. मग कशाला विचारतात?’ पुढचे वाक्य तीन वेळा वाचावे लागले. तिसऱ्या वेळेस त्यांनी चष्मा लावून फोन हातात घेतला आणि स्वतः वाचले. मग विचारले, ‘हे त्या पोराला किती वेळा सांगितलं असंल?’ याचे उत्तर ‘दुभाषी’ यांनीच द्यावे.

दुभाषी:

अटकेच्या वेळी, आणि नंतर प्रत्येक चौकशीच्या सुरुवातीला पुन्हा. समजले का, असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतात. माझ्या खुर्चीवरून पाहिलेले बहुतेक जण पहिले वाक्य बरोबर सांगतात, ‘पण’ म्हणतात आणि माझ्याकडे पाहतात. मी सांगू शकत नाही; अधिकारी पुन्हा वाचतात, मी पुन्हा भाषांतर करते. सासूबाईंना तीन वेळा लागले, तर त्या बऱ्याच जणांच्या पुढे आहेत, असे त्यांना माझा निरोप म्हणून सांगावे.